दहिसरचा नाका आणि मांडवीवरील चक्र

मुंबईहून उत्तरेस जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बृहन्मुंबईची हद्द ज्या स्थानकापाशीं संपते, तें दहिसर होय. बोरिवली सोडून गाडी निघाली कीं अवघ्या कांहीं मिनिटांत हें स्थानक येतें. आणि तें मागें पडून खाजणें व मिठागरें दिसूं लागलीं कीं मुंबई संपली असें समजावें. काशी, रामेश्वर, काश्मीर यांचीं वर्णनें लिहिणाऱ्या प्रवाशांनीं दहिसरापाशीं थबकावें असें येथें कांहीं नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. तथापि हद्दीवरील गांवास एक गुण आपोआप लाभतो. तेथें उभें राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हिशेब ठेवतां येतो. आजच्या लेखाचा विषय जुगारांतील ‘हमखास’ पद्धति हा आहे. आणि त्या विषयाची किल्ली आम्हांस दहिसरच्या नाक्यावरच सांपडली असल्यामुळें प्रथम या गांवाची थोडी ओळख करून देतों.

गांवाच्या नांवाचीच नदी गांवांतून वाहते. पूर्वेकडील डोंगरांत, तुळशी तलावाच्या परिसरांत ती उगम पावते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या झाडींतून खालीं उतरते. आणि बोरिवली-दहिसरच्या दाट वस्तींतून वाट काढीत पश्चिमेस मनोरीच्या खाडीस मिळते. तिची एकंदर लांबी बारा किलोमीटरांच्या आंतबाहेर. वर्षाचे आठ महिने ती इतकी क्षीण असते कीं पुलावरून जाणाऱ्या परक्या मनुष्यास तो एखादा ओढाच वाटावा. परंतु २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्या दिवशीं हाच ओढा कांठावरील घरांतून शिरला. कित्येक वर्षें निरुपद्रवी दिसणारी नदी एका दिवसांत काय करूं शकते, हें दहिसरकरांनीं पाहिलें आहे. वाचकांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दहिसर आणि बोरिवली यांच्या दरम्यान मंडपेश्वराचीं लेणीं आहेत. तीं शैव असून हजार वर्षांहून अधिक जुनीं आहेत. आंतील नटराजाची मूर्ति झिजली असली तरी तिचा डौल अजून ओळखूं येतो. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं या लेण्यांचें प्रार्थनामंदिर केलें, व वरच्या अंगास इमारत उठविली. तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. पुढें १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजीअप्पांच्या मोहिमेनें साष्टी व वसई पोर्तुगीजांच्या हातून गेली. सारांश, आमच्या या गांवाचा व गोव्याचा धनी एके काळीं एकच होता. आणि या लेखांत आम्हांस गोव्यापर्यंत जावयाचें असल्यामुळें तें जुनें नातें येथें नमूद करून ठेवतों.

आतां नाक्याकडे वळूं. १९५७ सालीं दहिसर बृहन्मुंबईंत समाविष्ट झालें, व शहराची वेस येथें आली. महामार्गावरील ‘दहिसर चेकनाका’ कोणास ठाऊक नाहीं? मालमोटारींच्या रांगा, कागदांचीं भेंडोळीं हातांत घेऊन धांवणारे दलाल आणि ऊन-पावसांत तिष्ठणारे गाडीवान हें तेथील नित्याचें दृश्य असे. जकातीचें तत्त्व अगदीं सरळ होतें. शहरांत येणाऱ्या मालाच्या किंमतीचा ठरलेला अंश नाक्यावर ठेवावयाचा. माल एका खेपेंत आणा किंवा दहा खेपांत आणा. पहांटे आणा किंवा मध्यरात्रीं आणा. आज थोडा व उद्यां दुप्पट आणा. जेवढी एकंदर किंमत नाक्यावरून गेली, तेवढ्या किंमतीचा अंश नाक्यानें घेतलाच म्हणून समजा. खेपांची मांडणी बदलल्यानें जकात कमी होत नसे. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला व ही जकात गेली; ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांचा पथकरही माफ झाला. आतां पिवळ्या व तांबड्या अशा दोन मेट्रोमार्गांचें मीलन दहिसरास होतें, आणि नव्या पिढीस जकात हा शब्दही समजावून सांगावा लागेल. परंतु तिचें तत्त्व दुसऱ्या ठिकाणीं, सुंदर रंगांचें व गुळगुळीत लांकडाचें रूप घेऊन, रोज रात्रीं फिरत आहे.

तेथें जाण्यापूर्वीं मुंबईच्या स्वतःच्या जुगाराचा एक दाखला पाहणें उचित होईल. कारण मुंबईकरास या विद्येंत गोव्यानें कांहीं शिकवावें अशी स्थिति कधींच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथें पावसावर पैजा चालत. ठराविक वेळांत छपराची पन्हळ वाहील कीं नाहीं, यावर रकमा लागत. १८८७ सालच्या मुंबई जुगार-प्रतिबंधक कायद्यांत १८९० सालीं जी दुरुस्ती करावी लागली, ती या पैजांसाठीं. नंतर कापसाचा आंकडा आला. न्यूयॉर्कच्या बाजारांतील कापसाचे भाव तारेनें मुंबईस येत, व त्यांतील अंकांवर लोक पैसे लावीत. १९६१ सालीं ते भाव येणें बंद झालें, तेव्हां १९६२ सालीं वरळीस कल्याणजी भगत यांनीं, आणि १९६४ सालीं रतन खत्री यांनीं स्वतंत्र मटका सुरू केला. मातीच्या मडक्यांत अंकांच्या चिठ्ठ्या घालून एक उचलावयाची, म्हणून त्यास मटका हें नांव पडलें. पुढें चिठ्ठ्यांच्या जागीं पत्ते आले, तरी नांव तेंच राहिलें.

या मटक्याचा हिशेब पाहा. शून्यापासून नवापर्यंत दहा अंक. बरोबर अंक सांगणारास साधारणतः लावलेल्या रकमेच्या नऊपट मिळत. दहा मनुष्यांनीं दहा निरनिराळ्या अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा रुपये जमतात, एकास नऊ रुपये मिळतात, आणि एक रुपया मटकेवाल्याकडे राहतो. म्हणजे शेंकडा दहा जकात. गिरणगांवांतील कामगार जुन्या अंकांचे तक्ते घेऊन त्यांवरून पुढचा अंक काढीत बसत. कोणी स्वप्नांतून अंक शोधी, कोणी एखाद्या बुवाच्या बडबडींतून. परंतु तक्त्यानें असो वा स्वप्नानें असो, दहांतील एक रुपया नाक्यावर राहतच असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडूं लागल्या; पगाराच्या दिवशीं घरीं न पोंचलेल्या त्या रुपयांची गणना कोणी केली आहे काय?

यूरोपीय धर्तीचें द्यूतगृह मात्र महाराष्ट्रांत कधीं आलें नाहीं. १९७६ सालीं तशा गृहांसाठीं एक कायदा झाला होता. तो प्रत्यक्षांत कधींच लागू न होतां २०२३ सालीं रद्द करण्यांत आला. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यांत मात्र १९९२ सालीं पंचतारांकित उपाहारगृहांत पैशांचीं यंत्रें ठेवण्याची, आणि १९९६ सालीं जहाजांवर मेजाचे खेळ खेळण्याची मुभा देण्यांत आली. तेव्हां हें प्रकरण डोळ्यांनीं पाहावयाचें तर गोव्यास जाणें प्राप्त होतें, आणि आम्ही गेलों.

२९ ऑगस्ट २०२४ रोजीं सुरू झालेल्या वांद्रे-मडगांव गाडीनें पश्चिम उपनगरांतील मंडळींची सोय झाली आहे. दहिसरकरानें बोरिवलीस जाऊन तींत बसावें, म्हणजे ती त्याला प्रथम दहिसरवरूनच, न थांबतां, उत्तरेस नेते. आणि वसईरोडपासून वळून, भिवंडी व पनवेलवरून कोंकणांत उतरते. दक्षिणेस जावयाचें असतां आधीं उत्तरेस जावें लागतें याची मौज वाटली. १९९८ सालीं पूर्णत्वास गेलेल्या कोंकण रेल्वेचें वर्णन पूर्वीं अनेकांनीं केलें असल्यामुळें आम्ही त्यांत शिरत नाहीं. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा आणि त्यानंतर पानवल नदीवरचा उत्तुंग पूल यांच्या दरम्यान डब्यांतील सर्व संभाषण बंद पडलें, एवढेंच सांगतों. रात्रीं करमळीस उतरलों, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं पणजीच्या नदीकांठीं फिरावयास गेलों.

मांडवीचें पात्र येथें विस्तीर्ण आहे. पलीकडे बेतीं व रेइश मागुशचा किल्ला. अलीकडे जुन्या आदिलशाही राजवाड्याची पांढरी इमारत. अंधार पडला कीं नदींत नांगरून ठेवलेलीं द्यूतजहाजें दिव्यांनीं उजळून निघतात, व धक्क्यावरून लहान होड्या लोकांना त्यांवर पोंचवूं लागतात. गोव्याचे रहिवासी या होड्यांत चढूं शकत नाहींत. १ फेब्रुवारी २०२० पासून त्यांस द्यूतगृहांत प्रवेशबंदी आहे. आपल्या घरच्या मुलांना जें वर्ज्य, तें पाहुण्यांना वाढावयाचें, असा हा आतिथ्यधर्म!

त्या राजवाड्याच्या शेजारीं १९४५ सालीं उभारलेला एक पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं तो घडविला. समोर कलंडलेल्या एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून आवेशानें उभा असलेला तो पुरुष म्हणजे आबे फारिया. १७५६ सालीं गोव्यांत कांदोळीस जन्मलेल्या या पाद्र्यानें पॅरिसमध्यें मोहनिद्रेचे प्रयोग करून नांव मिळविलें. त्याच्या काळीं लोक समजत कीं, मोहनिद्रा आणणाराच्या अंगीं कांहीं गूढ चुंबकशक्ति असते. फारियानें सांगितलें कीं, ती निद्रा ज्याला लागते त्याच्या स्वतःच्या मनांतूनच येते. धक्क्यावरून होडींत चढणाऱ्या लोकांकडे पाहतांना आम्हांस त्या सिद्धांताची वारंवार आठवण झाली.

आम्ही प्रवेशशुल्क भरून, प्रेक्षक म्हणून, एका जहाजावर गेलों. चक्राचें मेज तळमजल्याच्या मध्यभागीं होतें. या खेळाची ओळख नसलेल्या वाचकांसाठीं थोडक्यांत सांगतों. लांकडी परातींत एक आडवें चक्र फिरतें. त्याच्या कडेला ३७ खण असतात: १८ तांबडे, १८ काळे, आणि एक हिरवा. तांबड्या-काळ्यांवर १ ते ३६ हे अंक, व हिरव्यावर शून्य. चक्र एका दिशेनें फिरवून उलट दिशेनें पांढरी गोळी सोडतात. ती कडेकडेनें घरंगळत, अडखळत, उड्या घेत एका खणांत विसावते. एका अंकावर पण लावून तो आला, तर पणाची रक्कम परत मिळून शिवाय पस्तीसपट मिळते. तांबड्यावर किंवा काळ्यावर लावून तो रंग आला, तर लावले तितकेच अधिक मिळतात.

बहुतेक खेळाडू तांबड्या-काळ्याकडे पाहतात. पाहावयाचें असतें हिरव्याकडे. तो एक खण नसता, तर खेळ समसमान झाला असता. परंतु तो आहे. ३७ अंकांवर प्रत्येकीं एक रुपया लावला, तर ३७ रुपये मेजावर जातात व ३६ परत येतात. रंगावर लावा, अंकावर लावा. दीर्घकाळच्या सरासरीनें लावलेल्या दर ३७ रुपयांतील एक रुपया मेजवाल्याचा. शेंकडा २.७० हा त्याचा भाव. अमेरिकेंत बहुधा दोन शून्यांचीं चक्रें असतात. तेथें हाच भाव शेंकडा ५.२६ होतो. हिरवें शून्य म्हणजे चक्रावरील दहिसरचा नाका. मटक्याच्या शेंकडा दहांच्या मानानें ही जकात हलकी वाटेल खरी. पण मटक्याचे अंक दिवसांतून ठरलेल्या वेळींच निघत, आणि हें चक्र रात्रभर दर दोन-तीन मिनिटांनीं फिरतें.

मेजाच्या कोपऱ्याशीं एक तरुण बसला होता. वय पंचविशीच्या पुढें, कपडे नीटनेटके, पुढ्यांत एक लहान वही व पेन्सिल. वयानें वडील पाहून त्यानें आपण होऊन खुर्ची पुढें सरकविली, आणि बोलतां बोलतां तो दहिसरचाच निघाला. शिक्षणानें अभियंता. घरीं आजी, आईवडील, चुलते व चुलत भावंडें असा मोठा परिवार. जुनी इमारत पाडून नवी बांधली जात असल्यामुळें मंडळी तूर्त भाड्याच्या दोन घरांत विभागून राहत होती. बांधकाम करणाराकडून त्या भाड्यासाठीं जी रक्कम मिळे, तींतून दोन महिन्यांचे ६३,५०० रुपये त्यानें बरोबर आणले होते. घरीं अर्थात् ठाऊक नव्हतें.

“काका, हा जुगार नाहीं,” तो हलक्या आवाजांत म्हणाला. “ह्यांत पद्धत आहे. पहिल्यांदा तांबड्यावर पांचशें. हरलों तर हजार. पुन्हा हरलों तर दोन हजार. असें दुप्पट करीत जायचें. केव्हां तरी तांबडा येणारच. आला कीं मागचें सगळें वसूल आणि वर पांचशें फायदा.”

“आणि आलाच नाहीं तर?” आम्हीं विचारलें.

“सात वेळा हरण्यापुरते पैसे आणले आहेत. सात वेळा सलग काळा कोण बघतो, काका?”

त्याचें गणित बिनचूक होतें. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००, १६,००० आणि ३२,००० यांची बेरीज ६३,५०० च होते. ही पद्धति कांहीं त्यानें शोधलेली नाहीं. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें ती ‘मार्टिंगेल’ या नांवानें प्रसिद्ध होती, आणि तेव्हांपासून दर पिढींतील हुशार तरुण ती नव्यानें शोधून काढीत आले आहेत. मूर्ख मनुष्य नशिबावर खेळतो व लवकर उठतो; हुशार मनुष्य पद्धतीवर खेळतो व बसून राहतो.

त्या रात्रीं त्याचीं अकरा आवर्तनें यशस्वी झालीं. साडेपांच हजार रुपये अधिक घेऊन तो प्रसन्न मुद्रेनें उठला, आम्हांस वांकून नमस्कार केला, आणि पुढल्या महिन्यांत पुन्हा येणार असल्याचें सांगून गेला. तो हरला असता तर आम्हांस वाईट वाटलें असतें. तो जिंकला म्हणून आम्हांस भीति वाटली. ती कां, हें आतां हिशेबानें सांगतों.

एका फेरींत तांबडा न येण्याचा संभव ३७ पैकीं १९. सलग सात फेऱ्यांत तो न येण्याचा संभव काढला, तर तो सुमारें १०६ त एक पडतो. म्हणजे अशीं अकरा आवर्तनें निर्विघ्न पार पाडण्याचा संभव शेंकडा नव्वद. या पद्धतीनें खेळणाऱ्या दहा तरुणांपैकीं नऊ त्याच्यासारखेच हंसत होडींतून उतरणार, हें आधींच ठरलेलें आहे. आणि तेच नऊजण घरीं येऊन मित्रांना पद्धत सांगणार. दहावा सांगत नाहीं.

आतां १०६ आवर्तनांचा ताळा करूं. सरासरीनें १०५ वेळां पांचशें मिळाले, म्हणजे ५२,५०० जमा. एक वेळ सातही डाव फसले, म्हणजे ६३,५०० खर्च. तूट ११,००० रुपये. ही तूट कोठून आली? या सर्व आवर्तनांत मिळून मेजावर लागलेल्या रकमांची बेरीज सरासरीनें सुमारें चार लाख दोन हजार रुपये होते. तिचा ३७ वा भाग काढून पाहा. अकरा हजारांच्या आसपासच येतो. नाक्यावरून चार लाखांचा माल गेला, नाक्यानें आपला अंश घेतला. खेपा लहान-मोठ्या करण्याची एवढी खटपट झाली, तिचा जकातीवर परिणाम शून्य. प्रवेशशुल्क व सरकारचा कर यांत धरलेलाच नाहीं. तो धरल्यास तूट वाढेल.

पद्धतीनें बदललें तें तोट्याचें रूप. रोज थोडा थोडा होणारा तोटा तिनें गोळा करून एका दिवसावर ढकलला, व मधल्या दिवसांवर नफ्याचा मुलामा दिला. येथें आमच्या नदीची आठवण करावी. आठ महिने पाय न भिजतां ओलांडतां येणारा ओढा पाहून कांठावर घर बांधणारा मनुष्य आणि सात डावांची शिदोरी घेऊन बसलेला हा तरुण, यांचा तर्क एकच आहे. त्या तरुणानें ७३ आवर्तनें खेळावयाचें ठरविलें, तर त्यापूर्वींच पूर येण्याचा संभव निम्मा होतो. आणि पूर न आला तरी त्याची कमाई ३६,५०० एवढीच, पुरांत जाणार मात्र ६३,५००.

कोणी म्हणेल, सातांऐवजीं पंधरा डावांचे पैसे न्यावे. मेजवाला हें जाणतो, म्हणून प्रत्येक मेजावर पणाची वरची मर्यादा लिहिलेली असते. पण ती नसती तरी काय झालें असतें? १८ ऑगस्ट १९१३ रोजीं मॉन्टे कार्लो येथें एका चक्रावर सलग २६ वेळां काळा आला, अशी कथा प्रसिद्ध आहे. ‘आतां तांबडा येणारच’ म्हणून लोक रकमा वाढवीत गेले व बुडाले. पांचशें रुपयांपासून दुप्पट करीत निघालेल्या मनुष्यास सव्विसाव्या पराभवानंतर जो डाव लावावा लागला असता, त्याची रक्कम ३,३५५ कोटी रुपयांहून अधिक होते. आणि तो जिंकला असता तर त्याचा निव्वळ नफा पांचशें रुपये!

‘आतां येणारच’ ही समजूत मोठमोठ्यांना चकवून गेली आहे. अठराव्या शतकांतील फ्रेंच गणिती दालांबेर याचाही असाच कांहीं ग्रह होता. एक बाजू अनेक वेळां पडली कीं दुसरीचा संभव वाढतो, असें तो मानी. त्याच्या नांवानें चालणाऱ्या पद्धतींत हरल्यास पण एकानें वाढवितात व जिंकल्यास एकानें उतरवितात. दुसऱ्या एका पद्धतींत फिबोनाचीच्या श्रेढीप्रमाणें (१, १, २, ३, ५, ८) पण वाढवितात. ही श्रेढी आपल्याकडे हेमचंद्रानें बाराव्या शतकांत मात्रावृत्तें मोजतांना दिली होती. श्रेढी सुंदर आहे यांत शंका नाहीं. परंतु लांकडाच्या चक्रास ना वृत्तांचें ज्ञान, ना मागच्या फेरीचें स्मरण. सहा काळ्यांनंतर तांबड्याचा संभव ३७ त १८. सहा तांबड्यांनंतरही ३७ त १८. नवल असें कीं, १९३९ सालीं जाँ व्हील या फ्रेंच गणित्यानें आपल्या प्रबंधांत ‘मार्टिंगेल’ हा जुगाऱ्यांचा शब्द उचलला, व त्यावरून संभाव्यताशास्त्राची एक मोठी शाखा उभी राहिली. त्या शाखेचा एक निष्कर्ष असा कीं, भांडवल व वेळ मर्यादित असतां, केव्हां खेळावें, किती लावावें व केव्हां थांबावें याच्या कोणत्याही नियमानें प्रतिकूल खेळ अनुकूल होत नाहीं.

मग चक्रास कोणी जिंकलेंच नाहीं काय? जिंकलें, पण त्यांचा मार्ग निराळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील यॉर्कशायरचा जोसेफ जॅगर मॉन्टे कार्लोस गेला. सूतगिरण्यांच्या मुलखांतील मनुष्य. कोणतेंही फिरतें यंत्र अगदीं निर्दोष नसतें, हें त्यास ठाऊक होतें. त्यानें कारकून नेमून चक्रांचे अंक टिपून घेतले, एक चक्र कांहीं अंकांकडे झुकतें असें शोधून काढलें, व मोठी रक्कम जिंकली. चालकांनीं चक्रांत फेरफार केल्यावर त्याचा ओघ थांबला, व तो शहाणपणानें घरीं परतला. १९६१ सालीं एडवर्ड थॉर्प व क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं सिगारेटच्या पाकिटाएवढें गणनयंत्र करून, बुटांतील कळ दाबून गोळीची गति मोजली व ती कोणत्या बाजूस पडेल याचा अंदाज बांधला. १९८५ सालीं नेवाडा संस्थानानें अशा साधनांस बंदी केली. याउलट १८९१ सालीं मॉन्टे कार्लोची ‘बँक फोडणारा’ म्हणून गाजलेला चार्ल्स वेल्स पुढें फसवणुकीच्या गुन्ह्याखालीं तुरुंगांत गेला. तात्पर्य, ज्यांनीं खरोखर कांहीं साधलें, त्यांनीं पणाच्या मांडणींत वेळ घालविला नाहीं. त्यांनीं चक्रच तपासलें.

आपल्या पूर्वजांनीं हा भेद ओळखला होता असें वाटतें. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत द्यूतकाराच्या घराची जी दैना आहे, ती सर्वांस परिचित आहे. वनपर्वांतील नलाख्यान त्याहून सूक्ष्म आहे. पुष्कराकडून सर्वस्व हरलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथि होऊन राहतो. वाटेंत बेहड्याचें झाड पाहून ऋतुपर्ण त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजतो, तों ती बरोबर निघते. मग तो ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फांशांचें मर्म शिकतो, व पुढें पुष्करास जिंकून राज्य परत मिळवितो. नलानें फांसे जाणले, आणि समोर त्याच्यासारखाच एक मनुष्य होता. जहाजावरील मेजापलीकडे मनुष्य बसलेला नसतो. तेथें नियम बसलेला असतो. ३७ खणांच्या चक्राचें अक्षहृदय एकच आहे, व तें हिरव्या रंगानें सर्वांसमोर लिहिलेलें आहे.

हल्लीं हें चक्र पाहण्यास मांडवीपर्यंत जाण्याचीही गरज राहिली नव्हती. तें दूरध्वनीच्या पडद्यावर घराघरांत फिरूं लागलें होतें. ऑगस्ट २०२५ मध्यें केंद्र सरकारनें पैशांच्या अशा खेळांस बंदी करणारा कायदा केला. कायद्याचें काम कायदा करील; घराचें काम घरानें करावें. एकत्र कुटुंबांत पैसा एकाचा नसतो. आजीचें औषध, धाकट्यांचें शुल्क व दोन घरांचें भाडें ज्या डब्यांत असतें, त्यांतून पांचशेंची पहिली चकती निघते. अशा वेळीं तरुणास नुसतें रागें भरल्यानें तो पद्धत लपवील, सोडणार नाहीं. कारण तो स्वतःस जुगारी समजतच नाहीं. तो स्वतःस गणिती समजतो. तेव्हां त्याच्याशीं गणितानेंच बोलावें.

त्यासाठीं एक सोपा प्रयोग सुचवितों. रविवारीं दुपारीं मंडळी जमली असतां कागदाच्या ३७ सारख्या चिठ्ठ्या कराव्या: १८ तांबड्या, १८ काळ्या, एक कोरी. त्या डब्यांत घालून हलवाव्या, एक काढावी, पाहावी, पुन्हा आंत टाकावी. प्रत्येक मुलास १२७ चिंचोके द्यावे. सात वेळां दुप्पट करण्यास नेमके तेवढे लागतात. आजीस मेजवाली करावें, व दुप्पट करण्याच्या पद्धतीनें मुलांना मनसोक्त खेळूं द्यावें. पहिल्या तासांत सर्वजण जिंकत असतील, आणि आजीची थट्टा चालेल. खेळ थांबवूं नये. चहापर्यंत, जरूर तर जेवणापर्यंत चालूं द्यावा. एकेकाचा पूर येईल, आणि तो आल्यावर कोणास कांहीं समजावून सांगावें लागणार नाहीं. हरलेले चिंचोके पुन्हा बरणींत भरून ठेवतां येतात.